सूट घालून या

सीझन संपता संपता जपानमधल्या एखाद्या बेसबॉलपटूला क्लबच्या ऑफिसातून फोन आला आणि पलीकडच्या माणसानं अगदी अदबीनं "उद्या दहा वाजता या, सूट घालून या" असं सांगितलं, तर त्याचा अर्थ एकच असतो: परवापासून येऊ नका. हे तिथल्या टॅक्सीवाल्यांना माहीत आहे, न्हाव्यांना माहीत आहे, कोन्बिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांच्या, काउंटरवर कॉफीचे कप पुढे करणाऱ्या कॉलेजच्या पोरींनाही माहीत आहे. माहीत नव्हतं ते डॉ. उल्हास पाटणकरांना. आणि ते जपानात बावीस वर्षं राहत होते.

उल्हास त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेत धातूंना पडणाऱ्या भेगांचा अभ्यास करीत. भेग दिसायच्या कितीतरी आधी धातू नेमका कुठे थकलाय हे ते सांगू शकत. माणसांच्या बाबतीत असलं काही यंत्र त्यांच्याकडे नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं कधी काही अडलंही नव्हतं.

फोन आला तेव्हा पाटणकरांकडे पोहे चालले होते. ओजस, त्यांचा चोवीस वर्षांचा एकुलता एक मुलगा, सामने संपल्यामुळे क्लबच्या हॉस्टेलवरून दोन दिवस घरी आला होता. फोन वाजताच तो ताटावरून उठला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि फोनवरच कमरेत वाकत "हाय, हाय", म्हणजे जपानीत हो, हो, म्हणत राहिला. परत येऊन बसला तेव्हा त्यानं चमचा उचलला नाही.

"कुणाचा रे?" त्याच्या आईनं, जयमालानं विचारलं.

"क्लबचा. उद्या ऑफिसला बोलावलंय. Suit घालून."

उल्हासच्या हातातली लिंबाची फोड तशीच राहिली. त्यांच्या आयुष्यात सूट बाहेर निघाला तो एकदा लग्नात आणि एकदा संस्थेच्या पारितोषिक समारंभात. सूट आणि वाईट बातमी यांची गाठ त्यांच्या आयुष्यात कधी पडलीच नव्हती.

"म्हणजे कॉन्ट्रॅक्ट!" ते म्हणाले. "मेन टीमचं, पक्कं! नाहीतर सूट कशाला घालायला सांगतील?"

"बाबा, actually..."

"Actually काय? इतकी वर्षं ऑफिसं बघतोय मी. मला नको सांगू."

ओजसनं आईकडे पाहिलं. आई सूट कुठल्या कपाटात आहे ते आठवत होती.

तर या ओजसची कारकीर्द. शाळेच्या बेसबॉल क्लबात नाव घातलं आणि पहिल्याच आठवड्यात पोरगा डोक्याचा गोटा करून घरी आला, कारण क्लबात सगळ्यांचाच गोटा होता. रविवारी पुण्याला व्हिडिओ कॉल लागला. उल्हासच्या काकूंनी नातवाचं तुळतुळीत डोकं पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "जयमाला, उल्हास बरा आहे ना गं?" उल्हास कॅमेऱ्यासमोरच बसले होते. काकूंची खात्री पटायला थोडा वेळ लागला, आणि पाटणकरांच्या घरात बेसबॉलचं जे नाव खराब झालं ते तेव्हापासून.

शाळा संपता संपता एका व्यावसायिक क्लबानं, टोकिवा क्रेन्सनं, त्याला घेतलं. घेतलं म्हणजे अगदी खालच्या पायरीवर, उमेदवार म्हणून. पाठीवर नंबर एकशे सत्तावीस. खऱ्या खेळाडूंचे नंबर दोन आकडी असतात. तीन आकडी म्हणजे चक्क वेटिंग लिस्ट, फक्त पाठीवर छापलेली. उल्हास लोकांना सांगत, "सध्या करतोय तो ते बेसबॉलचं. करू दे. मग कुठेतरी नीट अडकवू." असं ते सहा वर्षं सांगत होते, आणि ही सहा वर्षं ओजस पहाटे उठून पळत होता.

पळणं हेच त्याचं काम होतं. एखादा अवजड फलंदाज चेंडू फटकावून पहिल्या बेसवर धापा टाकत पोचला, की सामना अटीतटीचा असेल तर त्याला बोलावून घेत आणि त्याच्या जागी ओजसला उभं करत. मारणार तो, धावणार हा. चौथ्या वर्षी ओजसला दोन आकडी नंबर मिळाला, मेन टीमकडून मोजके सामनेही मिळाले, आणि त्या सगळ्यांत तो पळायलाच उतरला. बॅट हातात घेऊन उभा राहिला फक्त एकदा. तेव्हाही वरून हुकूम आला, की चेंडू नुसता टेकवून खाली ठेव, तू बाद हो, आणि आधीचा पळणारा पुढच्या बेसवर जाऊ दे. ओजस शिस्तीत बाद झाला. परत आला तेव्हा सगळ्या टीमनं रांगेत उभं राहून त्याच्या हातावर टाळी दिली.

"अरे, आउट झालाय तो!" उल्हास मोबाइलवर ते बघून ओरडले होते. "अभिनंदन कसलं करताय?"

त्यातून या खेळाचा नियम असा, की असं दुसऱ्यासाठी बाद होणं हिशेबात धरत नाहीत. त्यामुळे ओजसच्या नावापुढे फलंदाजीच्या सरासरीच्या जागी नुसती आडवी रेघ होती. "शून्य भागिले शून्य," उल्हास लोकांना सांगत, "undefined!" विनोद चांगला होता. संस्थेत चालला, मराठी मंडळात चालला, दिवाळीला दरवर्षी चालला. ओजस समोर बसलेला असला तरी चालायचा.

मंगळवारी सकाळी सूटला इस्त्री झाली. जयमालानं देवापाशी दिवा लावला आणि पोराच्या हातावर दही-साखर ठेवली. ओजसनं ती निमूटपणे चाटली. नोकरी गमवायला निघालेल्या माणसाला दही-साखर देऊन पाठवणारं उभ्या जपानात हे एकच घर असावं.

खाली सायकलींच्या शेडजवळ मोरिता-सान कुंड्यांना पाणी घालत होते. तळमजल्यावर राहणारे, बसचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले गृहस्थ. सूटमधला ओजस दिसताच त्यांनी झारी खाली ठेवली, टोपी काढली आणि कमरेतून वाकले. ओजस त्यांच्याहून खाली वाकला. बराच वेळ दोघंही वर यायला तयार नव्हते.

"बघितलंस?" उल्हास बायकोला म्हणाले. "शेजाऱ्यापाजाऱ्यांनासुद्धा कळलंय! केवढा respect!" आणि त्यांनी फोटो काढला. ओजस स्टेशनवर पोचायच्या आत तो मंडळाच्या ग्रुपवर पोचला होता, खाली ओळ: "Big day for our Ojas. Main team contract. आशीर्वाद असू द्या." लागलीच हात जुळले, पुष्पगुच्छ उगवले, आणि सहा वर्षांत ज्यांनी ओजसचा नंबर कधी विचारला नव्हता त्यांना तो पहिल्यापासूनच वेगळा वाटत आला होता असं निघालं.

दुपारी शैलेंद्रचा फोन आला. शैलेंद्र टोकियोतल्या कोतोत राहणारा, आयटीतला, आणि मंडळाचा तिसऱ्यांदा अध्यक्ष झालेला, कारण तिन्ही वेळा दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं. सत्कार करणं हा त्याचा छंद होता. जपानी भाषेची परीक्षा पास झालेल्यांचा त्यानं सत्कार केला होता, आणि फुजी चढायला जाऊन अर्ध्यावरून परत आलेल्यांचाही केला होता. मंडळाचा नारळ एकच होता. सत्कार झाला की सत्कारमूर्ती तो विंगेत परत देत असे.

"उल्हासराव, रविवारी आपला दिवाळीचा कार्यक्रम आहे," शैलेंद्र म्हणाला. मंडळाची दिवाळी पंचांगावर ठरत नसे, हॉलच्या बुकिंगवर ठरे. "तिथंच उरकून टाकू. पहिला मराठी बेसबॉलपटू! शालीचा रंग काय ठेवायचा बोला."

शालीच्या रंगावर चर्चा चालू असतानाच ओजस परत आला. क्लबच्या ऑफिसातलं काम समोरचा चहा निवायच्या आत संपलं होतं. दारात बूट काढून तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, मला काही सांगायचंय."

उल्हासनी फोन कानाला तसाच ठेवून बोट वर केलं. एक मिनिट.

ते मिनिट शनिवारपर्यंत चाललं. बुधवारी पाहुणे कोण यावर फोन होते, गुरुवारी स्मृतिचिन्हावर नाव देवनागरीत की रोमनमध्ये यावर, शुक्रवारी उल्हास भाषण लिहीत होते. ओजस खोलीत होता. जयमाला दोनदा ताट घेऊन त्याच्या दाराशी गेली आणि दोनदा ते भरलेलंच परत आणलं. तिनं नवऱ्याला काही सांगितलं नाही. नवरा भाषण लिहीत असताना त्याला काही सांगायचं नसतं, हे ती जपानात यायच्या आधीपासून शिकलेली होती.

शनिवारी प्लास्टिकचा कचरा. उल्हास पारदर्शक पिशवी घेऊन खाली उतरले, तर कचऱ्याच्या जाळीपाशी मोरिता-सान उभे.

"पाटणकर-सान," ते सोप्या, सावकाश जपानीत म्हणाले, कारण बावीस वर्षांनंतरही उल्हासशी तशीच जपानी बोलावी लागे, "ओजस-कुन सहा वर्षं फार झटला. आम्हा नवराबायकोला, दोघांनाही वाईट वाटलं."

"वाईट? नाही नाही! चांगली बातमी आहे. सूट घालून बोलावलं होतं."

मोरिता-सान वाकून जाळीचं टोक नीट करू लागले. जपानी माणसाला वाईट बातमी सांगायची वेळ आली की तो इतका हळुवार होतो, की ऐकणाऱ्याला आधी त्याचीच दया येते. "माझ्या भाच्यालाही असंच सूट घालून बोलावलं होतं," ते शेवटी म्हणाले. "क्लबनं सोडलं की असंच बोलावतात. नंतर तो आमच्या बस कंपनीत लागला. आता बरा आहे."

उल्हास पिशवी हातात घेऊन तसेच जिने चढून वर आले. कचरा त्यांच्याबरोबर घरी परत आला.

ओजस खिडकीपाशी बसून बुटाच्या खिळ्यांतली माती काढत होता. वास्तविक ते बूट आता कुठे जायचे नव्हते.

"काढलं तुला?" उल्हासनी विचारलं.

"हाय."

"मंगळवारी?"

"हाय."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

ओजसनं मान वर केली. त्याचं मराठी घरातलंच होतं, मोजकं आणि अडखळतं. "बाबा, मी सांगायला आलो. तुम्ही बोट केलं."

यावर बापानं काय म्हणायला हवं होतं ते रस्त्यावरच्या कुणालाही सुचलं असतं. डॉ. पाटणकरांना सुचलं ते असं: "अरे देवा. आता लोकांना काय सांगायचं? स्मृतिचिन्ह कोरून झालंय!"

जयमाला दारात उभी राहून ऐकत होती. "अहो," एवढंच ती म्हणाली, पण उल्हास खोलीत येरझाऱ्या घालत होते. शैलेंद्रला फोन लावला, पण तो उचलताच म्हणाला, "उल्हासराव, दोनशे लोक येतायत!" आणि उल्हास "वा वा" म्हणाले. फोन ठेवून ते मुलासमोर बसले आणि त्याला समजावू लागले. उद्याचा दिवस फक्त. शाल घ्यायची, हसायचं, दोन शब्द बोलायचे. पुढच्या महिन्यात सावकाश सांगून टाकू, की दुखापत झाली. दुखापतीत मान असतो.

"नोव्हेंबरमध्ये tryout आहे," ओजस म्हणाला. "सोडलेल्या सगळ्यांचं. बाकीचे क्लब बघायला येतात. कुणी घेईल असं नाही. पण मी जाणार."

"जा की. पण उद्या काही बोलू नकोस."

"हाय," ओजस म्हणाला आणि पुन्हा बुटाकडे वळला.

रविवारी कोतोतला हॉल भरला होता. खुर्च्या नीट रांगेत होत्या कारण हॉल जपानी होता, आणि कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला कारण मंडळ मराठी होतं. मागच्या बाजूला जेवणाचं टेबल, आणि तिथं सुलेखाताई. मंडळाचा स्वयंपाक वर्षानुवर्षं त्यांच्याच हातात होता आणि भाषणं चालू असताना पातेल्यांची झाकणं वाजवायचा हक्कही त्यांचाच.

शैलेंद्रनं ओजसची ओळख करून दिली. त्यात तो त्याला एकदा बोलर म्हणाला, एकदा ऑलराउंडर म्हणाला, आणि "आपल्या ओजसनं जपानी लोकांना त्यांच्याच खेळात पाणी पाजलं" असंही म्हणाला. टाळ्या झाल्या. शाल आली, नारळ आला, काचेचं स्मृतिचिन्ह आलं. उल्हास पहिल्या रांगेत बसून हसत होते. हसून हसून त्यांचे गाल दुखायला लागले होते.

इथवर सगळं यथासांग पार पडलं असतं. पण शैलेंद्रला ऐन वेळी कल्पना सुचली, आणि अध्यक्षाला कल्पना सुचली की सभासदांना भोगावी लागते. "मार्चमध्ये नवा सीझन सुरू होतोय," तो माइकवर ओरडला. "पहिल्या मॅचला आपण सगळे जायचं! ग्रुप बुकिंग! मी उद्याच पैसे भरतो. कोण कोण येणार? हात वर!"

हॉलभर हात वर झाले. लेझीमवाल्या बायकांनी लेझमीसकट वर केले.

ओजस आतापर्यंत दिल्या शब्दाला जागून गप्प उभा होता. बापासाठी खोटं बोलायची त्याची तयारी होती. पण आपल्यामुळे शे-दोनशे लोकांना उगाच तिकिटांचा भुर्दंड पडावा, हे जपानात वाढलेल्या मुलाला सोसवेना. त्यानं नारळ खाली ठेवला आणि माइक घेतला.

"तिकिटं नका काढू," तो म्हणाला. "मी नसणार. मला काढलं. Tuesday ला. सूट घालून बोलावतात ना, तेव्हा काढतात. बाबांना माहीत नव्हतं. सॉरी. सगळ्यांना त्रास झाला." आणि तो श्रोत्यांपुढे कमरेतून वाकला. खांद्यावरची शाल घसरून पुढे आली.

हात हळूहळू खाली आले. उल्हासनी डोळे मिटून घेतले. आता काय होणार ते त्यांना पक्कं ठाऊक होतं: कुजबुज, दबलेलं हसू, आणि उद्या ग्रुपवर शांतता. जन्मभर भीती बाळगली ती नाचक्की अखेर झाली होती.

पण झालं भलतंच.

"अरे, मग ही तर गुड न्यूज आहे!" शैलेंद्र माइक परत घेत म्हणाला. "सुटलास! चोवीस म्हणजे काहीच वय नाही. तुझं जपानी फर्स्ट क्लास, आमच्याकडे अशा पोरांची मारामार आहे. सोमवारी सीव्ही पाठव!"

आणि टाळ्या पडल्या. सत्काराला पडल्या नव्हत्या एवढ्या. उत्स्फूर्त, मनापासून, उभं राहून. दोघीतिघी जयमालाभोवती जमल्या. "सुटला गं बाई एकदाचा," एकीनं तिचा हात दाबला. कुणी एमबीएचं नाव घेतलं, कुणी डेटा अ‍ॅनालिटिक्सचं. उल्हासच्या पाठीवर मागून थाप पडली: "उल्हासराव, तुमच्या मनासारखं झालं! तुम्ही म्हणतच होतात, कुठेतरी नीट अडकवू."

म्हणतच होते. शब्द अगदी तेच होते. गेली सहा वर्षं त्यांनीच ते घरोघर वाटले होते आणि लोकांनी सांभाळून ठेवून आज जसेच्या तसे परत केले. उल्हासनी डोळे उघडले. स्टेजवर ओजस सरळ होऊन त्या टाळ्यांकडे पाहत होता, आणि बाद होऊन आल्यावर त्याच्या हातावर टाळी देणारं तिथं कुणीही नव्हतं. उल्हास उठलेच. स्टेजवर गेले आणि शैलेंद्रच्या हातातून माइक जवळजवळ हिसकावून घेतला.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" ते म्हणाले. भाषण खिशात होतं, त्यातला एक शब्द त्यांना आठवला नाही. "सुशीलचं कॉन्ट्रॅक्ट गेलं मागच्या वर्षी. सुशील, तू बसलायस इथं. आपण टाळ्या वाजवल्या होत्या? महिनाभर डबे पोचवले त्याच्या घरी. त्याच्यासमोर हळू आवाजात बोलायचो. कारण नोकरी गेली की माणसाचं काय होतं, ते कळतं आपल्याला. माझ्या मुलाची नोकरी गेलीय. मंगळवारी. सहा वर्षं तो जे रोज करत होता ते गेलं. आणि मी, त्याचा बाप, मी त्याला विचारलं की लोकांना काय सांगायचं. तू जेवलास का, एवढंसुद्धा नाही विचारलं."

शैलेंद्रनं कार्यक्रमपत्रिका पाहिली. पुढे लेझीम होती, पण ती पुकारायचं धाडस त्यालाही झालं नाही.

मागे पातेल्याचं झाकण वाजलं. सुलेखाताई कागदी ताट वाढून घेऊन खुर्च्यांमधून सरळ पुढे आल्या, पदर खोचलेला, हाताला अजून पीठ. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड. त्यांनी ते ओजसच्या हातात दिलं. "आधी जेव," त्या म्हणाल्या. "बाकीचं राहू दे."

ओजसनं आधी ताटाकडे पाहिलं, मग बापाकडे. मग स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला, पुरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. दुसरा घास काही वर गेला नाही. तो रडायला लागला, शाळकरी पोरासारखा, खांदे उडवत, दोन्ही हातांनी तोंड झाकून.

उल्हास शेजारी जाऊन बसले. त्याच्या पाठीवर हात ठेवावा की काही बोलावं हे त्यांना समजेना, आणि बोलण्यावर त्यांचा आज भरवसाही नव्हता. ओजसच्या मांडीवरचं ताट भाजीच्या भारानं एका बाजूला वाकत चाललं होतं. ते उल्हासनी दोन्ही हातांनी खालून धरलं, आणि त्याचं रडून होईपर्यंत तसंच धरून बसले.